फाइल कितीही मोठी असली तरी…

सलमाआपा गेल्याचं मला ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. त्याच्या वरचा मेसेज त्यांचाच होता, आदल्या दिवशीचा. 'ते वाक्य बदललं का कुणी?' त्याला कुणीच उत्तर दिलं नव्हतं…

सोलापुरातली आमची लहानशी कंपनी मराठी टाइप करायचं सॉफ्टवेअर, म्हणजे एडिटर, बनवते. तो कसा वापरायचा, ती मदतपानं आपा लिहायच्या. मी त्यांच्या हाताखाली. इंग्रजी शाळेतली, म्हणून मी लिहिलेलं मराठी त्या मला मोठ्यानं वाचायला लावायच्या. 'हे कुणाला कळणार गं? तुझ्या शाळेतल्या मॅडमला?' मी ते वाक्य पुन्हा लिहायचे.

मदतपानावर पहिल्यापासून लिहिलेलं होतं, 'फाइल कितीही मोठी असली तरी चालेल.' या उन्हाळ्यात आपांनी सहज एक खूप मोठी फाइल उघडून पाहिली. ती एका मर्यादेपलीकडे गेलेली होती, म्हणून एडिटरनं तिचा सुरुवातीचा थोडाच भाग उघडला, काही न सांगता. आपांनी सेव्ह केलं, आणि उरलेली फाइल नाहीशी झाली. मग म्हणाल्या, 'बिराजदार काका…'

जवळच्या वळसंग गावचे बिराजदार काका आमचे जुने गिऱ्हाईक. बायको वारल्यापासून ते तिनं सांगितलेल्या गोष्टी, अर्ध्या कानडी, अर्ध्या मराठी, टाइप करत होते. सगळ्या एकाच फाइलीत. वेगळ्या करा म्हटलं तर ऐकायचे नाहीत. फाइल उघडायला फार वेळ घेते, अशी त्यांची तक्रार नुकतीच आली होती, म्हणजे ती मर्यादेपाशी येऊन ठेपली होती.

'दुरुस्ती व्हईल तवा व्हईल, आधी ते वाक्य काढा,' आपा कंपनीच्या साहेबांना म्हणाल्या.

'गिऱ्हाईक घाबरंल की, आपा. नव्या आवृत्तीत बघू,' साहेब म्हणाले.

काकांचा फोन घरातला, लँडलाइन, आणि घराला कुलूप. मुलाकडे जातोय, असं ते तक्रार करतानाच म्हणाले होते. आपा रोज फोन लावायच्या. जिना चढताना मध्येच थांबून छाती चोळायच्या. 'अ‍ॅसिडिटी हाय,' म्हणायच्या. सोमवारी वळसंगला जाऊन शेजारी मुलाचा नंबर विचारायचं आम्ही ठरवलं होतं. सोमवारी मी आपांच्या घरी, रडणाऱ्या बायकांमध्ये बसले होते.

दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता मी ते वाक्य बदललं. मर्यादा लिहिली, धोका लिहिला. मोठ्यानं वाचून पाहिलं.

गेल्या आठवड्यात आपांच्या टेबलावरचा फोन वाजला. बिराजदार काका होते.

'आलो मुलाकडनं. आपांना द्या की.'

आपा गेल्याचं मी सांगायच्या आतच ते बोलत सुटले. 'नसतील तर सांगा त्यांना, फाइल आता लई झटकन उघडतीया. काय जादू केली म्हणावं.'

'काका… सेव्ह केलीत?'

'व्हय की. एक ओळ झाली की सेव्ह, आपांनीच लावलेली सवय हाय. पेनड्राइव्हवर बी रोज घेतो, जुनी पुसून.' ते हसले. 'मला आता तिच्या आधी लिवलेल्या गोष्टी आठवत न्हाईत बघा. पर फाइलीत हायत.'

मी 'थांबा' म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नसावं. पलीकडून कीबोर्डच्या कळांचा आवाज येत होता. ओळ संपली की जरा शांतता… आणि मग दोन कळा एकदम, सेव्हच्या. आपांच्या टेबलावरूनही दिवसभर हाच आवाज यायचा.