रोबोटच्या बॉडीचे तीन ठोकळे

वर्कशॉपातले किस्से म्हणजे लोखंडाचा कीस. रोज झाडला तरी कोपऱ्यात साठतोच.

शिवाजी पेठेतल्या आमच्या वर्कशॉपात ऑइल इंजिनचे पार्ट व्हायचे. मी तिथं फिटर होतो, मिलिंग मशीनवर इस्माईलचाचा. चाळीस वर्षांत त्यांचा एकही जॉब रिजेक्ट झाला नव्हता, आणि हे ते दिवसातून दोनदा तरी ऐकवायचे.

ऐंशीनंतरची गोष्ट. कॉलेजातले एक तरुण सर आले. त्यांनी हौसेनं वीतभर रोबोट बनवला होता, त्याला ठोकळ्यातून कोरलेली पारदर्शक प्लॅस्टिकची बॉडी हवी होती. प्रदर्शन आठ दिवसांवर, आणि मुंबईहून आणलेले अ‍ॅक्रिलिकचे ठोकळे तीनच.

ड्रॉइंग बघून चाचा हबकलेच. "भिंत तीन मिलिमीटर? सर, एवढा तर आम्ही रंग मारतोय."

*

बिडाचं लोखंड कापताना गार करायला पाणी लागत नाही, म्हणून चाचांनी पहिल्या ठोकळ्यात कोरडंच ड्रिल घातलं. प्लॅस्टिक वितळलं, ड्रिलला गुंडाळलं आणि तिथंच घट्ट बसलं! सगळे आपापली मशीन थांबवून बघायला आले.

चाचा म्हणाले, "ह्येला तर घाम फुटला की."

*

दुसऱ्या ठोकळ्यावर साबणाचं पाणी सोडलं. रोबोटची मोटर बसायचं भोक चाचांनी ठोकळा कोमट असतानाच मापलं. चपखल होतं. चहा पिऊन आलो तर मोटर आत जाईना, गार होऊन भोक आक्रसलं होतं. चाचांनी बेअरिंग बसवतात तशी मोटर लाकडी हातोडीनं हलकेच ठोकली.

टक्. ठोकळ्याचे दोन तुकडे.

सर तुकडे जुळवून बघायला लागले. चाचा त्या दिवशी जेवले नाहीत. मी डबा पुढं सरकवला तर म्हणाले, "चाळीस वर्सं, चाळीस वर्सं म्हणून उगंच बोलत हुतो."

*

तिसरा ठोकळा चार दिवस चालला. दर थोड्या वेळानं चाचा मशीन थांबवायचे, ठोकळा गार होऊ द्यायचे, मगच माप घ्यायचे. प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी बॉडी तयार झाली. मोटर नुसत्या बोटानं आत गेली.

आमच्याकडं कुठलाही जॉब द्यायच्या आधी तेलाचे डाग जावेत म्हणून रंगात घालायच्या थिनरनं पुसायची पद्धत. चाचांनी फडकं थिनरमध्ये बुडवलं आणि बॉडीच्या पुढच्या बाजूवरून मायेनं फिरवलं.

बघता बघता काचेसारख्या प्लॅस्टिकमध्ये केसाएवढ्या भेगा उमटल्या. एक, दहा, शंभर. सगळी पुढची बाजू जाळीनं भरून गेली. चौथा ठोकळा नव्हता.

चाचांचा हात फडक्यासकट हवेत राहिला. "सर, माझं चुकलं," ते म्हणाले. हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले.

सरांनी रोबोट बॉडीत बसवला आणि बटण दाबलं. आतला छोटा दिवा लागला, तशी भेग न् भेग उजळली. सर बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी रोबोट फिरवून चाचांपुढं धरला.

"चाचा, मागची बाजू राहिलीय. तीपण पुसून द्या."