साधं ॲसिटोन

आमच्या लालबागला पोरगं दहावी पास झालं तरी चाळीच्या तोंडाशी फ्लेक्स लागतो. माझा लागला तो बुडबुड्यांपायी. मी तेव्हा परळच्या एका कॉलेजात पीएचडी करत होते. द्रवात आवाजाच्या लाटा सोडल्या की बुडबुडा फुगतो, फटकन मिटतो आणि मिटताना आत भयंकर तापतो. इथपर्यंत सगळ्यांना मान्य. पण सूर्यात जुळतात तसे अणू तिथे जुळतात का, यावरून जगभरचे शास्त्रज्ञ एकमेकांच्या उरावर बसले होते. एकांना जुळल्याची खूण म्हणून न्यूट्रॉन सापडायचे, दुसऱ्यांना काही केल्या सापडेनात.

आम्हाला सापडले. जड हायड्रोजनचं ॲसिटोन वापरलं होतं. आता तोच प्रयोग साध्या ॲसिटोनवर करायचा राहिला होता. त्यात अणू जुळायचा प्रश्नच नाही, म्हणजे न्यूट्रॉनही दिसता कामा नयेत. घरी मी हेही सांगितलं. पण ऐकतंय कोण! संपात गिरणीची नोकरी गेलेल्या बाबांनी संध्याकाळपर्यंत चाळभर पेढे वाटले, आणि मंडळाच्या पोरांनी माझा फोटो टांगलासुद्धा: ‘सूर्यकन्येचे हार्दिक अभिनंदन’.

मग साधं ॲसिटोन लावलं. न्यूट्रॉन तितकेच! बुडबुडे सुरू करायला शेजारी न्यूट्रॉनचा स्रोत ठेवला होता, त्याचेच आम्ही मोजत बसलो होतो. कप्पाळ आमचं!

माझे गाइड शांतपणे म्हणाले, “हा प्रयोग झालाच नाही असं समज. पेपर छापायला जाऊ दे.”

“सर, हे खोटं आहे.”

“मग पेपरवरचं तुझं नाव काढ, आणि दुसरा गाइड शोध.”

त्यांच्याशी वैर घेऊन मला कोण उभं करणार होतं?

घरी येऊन सगळं ओकले. वाटलं, बाबा त्या माणसाला चार शिव्या हासडतील. संपात लोक फुटले, गुपचूप कामावर गेले, बाबा गेले नाहीत. तेच ऐकत मी मोठी झालेली.

ते खाली बघत म्हणाले, “नाव ऱ्हवांदे गो. तुझा काय जाता?”

“बाबा, तुम्ही म्हणताय हे?”

“मीच सांगतंय. मी नाय गेलंय कामार. काय गावला? तुझी आवस लोकांची भांडी घासून घासून मेली.”

मी नाव काढून घेतलं. पीएचडी तिथेच बुडाली. रडले, चिडले, पण ते पचलं. बाबांना संपाचा पश्चात्ताप होता आणि इतकी वर्षं त्यांनी तो मला कळू दिला नव्हता, हे मात्र अजून पचत नाही.