मामांचा वॉचडॉग

घाबरण्याच्या बाबतीत माझ्या बायकोच्या मामांचा हात धरणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर सापडला नसता. गॅस ते स्वतः बंद करत, मग मामींना बघायला पाठवत, आणि मामींनी नीट बघितलं का हे पाहायला पुन्हा स्वतः जात. कामरेजला जाताना बसमध्ये ड्रायव्हरच्या मागेच बसत आणि त्याला डुलकी लागू नये म्हणून वाटभर त्याच्या मुलाबाळांची चौकशी करत. एकदा त्या बिचाऱ्यानं वैतागून त्यांना शेवटच्या बाकावर नेऊन बसवलं, तर तिथूनही मामा अधूनमधून विचारत राहिले, "भाई, जागो छो ने?"

नव्वदच्या दशकात मामा आणि मी बमरोलीतल्या एका छोट्या कंपनीत होतो. कापड रंगवणाऱ्या मशिनांचे कंट्रोल बोर्ड तिथे बनत. त्या मशिनांत उकळत्या पाण्याहून गरम रंग दाबाखाली फिरतो, आणि वाफेच्या व्हॉल्व्हची उघडझाप आमचा प्रोग्राम करायचा. व्हॉल्व्ह उघडा असताना प्रोग्राम गोठला तर, या विचारानं मामांना घास गिळवत नसे. त्यावर उपाय म्हणून बोर्डावर वॉचडॉग टायमर असे. प्रोग्रामनं त्याला ठरावीक वेळात आपण जिवंत असल्याचं कळवायचं. न कळवल्यास टायमर व्हॉल्व्ह मिटवून बोर्ड नव्यानं सुरू करी. पण बोर्ड नाना तऱ्हेचे, प्रत्येकावर टायमरची चिप निराळी, आणि तिला चालवणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, ज्यानं त्यानं आपल्या मनानं लिहिलेला. एका पठ्ठ्यानं तर असा लिहिला होता की मुख्य प्रोग्राम मेला तरी 'जिवंत आहे' हा निरोप जातच राहावा. ते वाचून मामांना खराखुरा ताप भरला.

तापातून उठल्यावर त्यांनी सगळ्या बोर्डांसाठी ड्रायव्हरचा एकच सांगाडा लिहायला घेतला. टायमर सुरू करणं, मुदत ठरवणं, कळवत राहणं हे सगळं वर एकाच जागी. खाली फक्त त्या त्या चिपपुरता लहानसा तुकडा. एकदा सुरू झालेला टायमर बंद करायची सोय मात्र त्यांनी ठेवलीच नाही. दुरुस्तीच्या वेळी अडचण होते म्हणून आमचे शेठ म्हणाले, "बंद करवानी चावी तो आपो." एरवी शेठसमोर खोकलासुद्धा दाबून धरणारे मामा म्हणाले, "चावी दिली की कुणीतरी फिरवणार. त्यापेक्षा माझा राजीनामा घ्या."

शेठनी राजीनामा घेतला नाही, चाचणी ठरवली. पलसाण्याच्या एका डाइंग हाउसमध्ये मशीन तापलं, दाब चढला. ठरल्याप्रमाणे मी प्रोग्राम मुद्दाम गोठवला. मामा हातानं फिरवायच्या व्हॉल्व्हपाशी उभे होते, चेहरा पांढराफटक. "जावईबापू, तुम्ही बाहेर व्हा," ते म्हणाले. "भाचीला मी काय तोंड दाखवू?" मला बाहेर जायचं होतं, पण दाबाच्या काट्यावरची नजर हटेना. काटा वर सरकत राहिला. टायमर गप्प. कामगार मागे हटले. मशीन थरथरू लागलं तेव्हा मामांनी त्या व्हॉल्व्हचं तापलेलं लोखंडी चाक दोन्ही हातांनी धरलं आणि शेवटपर्यंत आवळलं.

चूक सांगाड्याचीच होती. वरून सांगितलेली मुदत त्या चिपला झेपत नव्हती, म्हणून ती मुकाट्यानं बंदच राहिली होती. हातांना पट्ट्या बांधलेले मामा सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. आता प्रत्येक चिपनं आपली मर्यादा आधी सांगायची, आणि टायमर खरोखर सुरू झाल्याशिवाय मशीन तापवायचंच नाही. पुढच्या चाचणीत खट् करून व्हॉल्व्ह मिटला. मामा ओल्या कापडाच्या गाड्यावर बसले आणि मुसमुसून रडले.

घरी आम्ही सांगितलं होतं की हातावर चहाचं पातेलं कलंडलं. कित्येक वर्षांनी मामा वारले, त्यांच्या तेराव्याला, पंगती उठल्यावर, मामींनी मला विचारलं, "तो चहा नव्हता ना?" मी सगळं सांगितलं. त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "पातेलं त्यांनी जन्मात कधी उचललं नाही हो. भाजेल म्हणून."