सावडीचं घिरट

माझ्या थोरल्या नणंदेचा उजवा हात बांधावरून घसरून मोडला, तेव्हा लढाईचे दिवस होते. हाड बसवणाऱ्याने ते बसवलं, पण वाकडं. कोपराच्या पुढे हात उचलेना, बोटांची मूठ वळेना. आंदर मावळातल्या गावात त्यांचं दोन खोल्यांचं घर आणि भाताचं एक खाचर. नवरा मागेच गेलेला, मूलबाळ नाही. मी सरळ सांगितलं, "वन्सं, खाचर वाट्याने द्या आणि लोणावळ्याला आमच्याकडे या."

त्या म्हणाल्या, "येईन की. पाय मोडला म्हंजी."

माझे यजमान लोणावळ्याला रेल्वेत फिटर होते. आई लवकर गेल्यामुळे त्यांना ह्याच बहिणीने वाढवलेलं. हाताची बातमी आल्यापासून त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. एक दिवस कामावरून आले ते अंगणात खडूने रेघा ओढायला बसले. म्हणाले, "तिला भात भरडता आलं पाहिजे. तेवढं झालं की ती राहील तिथे."

भात भरडायचं म्हणजे साळीचं टरफल काढायचं. आमच्या मावळात ते घिरटावर करतात. घिरट म्हणजे लाकडी जातं, पण मोठं. समोरासमोर दोन बायका बसतात आणि खुंटा ओढतात, मधून मधून एकीने मूठमूठ साळी घालायची. एका हाताच्या बाईला ओढता आलं तर घालता येत नाही, आणि घालता आलं तर ओढता येत नाही.

यजमानांनी तीन तऱ्हा काढल्या. पहिली त्यांची लाडकी. मोडीतल्या सायकलीची चक्रं आणि साखळी, स्टुलावर बसून पायांनी घिरट फिरवायचं, आणि वर पेरणीच्या पाभरीला असतं तसं लाकडी चाडं, ज्यातून साळी आपोआप खाली पडत राहील. दुसरी तऱ्हा माझ्या मनातली. लांब दांड्याच्या एका टोकाला मुसळ, दुसऱ्या टोकावर पाय दिला की मुसळ वर, सोडला की उखळात. त्यात लोखंड जवळजवळ नाही, आणि लोखंड तेव्हा बघायला मिळत नव्हतं. गावचा सुतारसुद्धा ते दुरुस्त करू शकला असता. तिसरं होतं एक लहानसं घिरट. उरलेल्या लाकडाचं. खालची तळी आणि वरची पाळ सुटी व्हायची, एका हाताने फिरायचं, पण साळी घालायला दरवेळी थांबायचं. ते त्यांनी केलं ते केवळ लाकूड वाया जाऊ नये म्हणून.

तिन्ही नमुने परसात उभे राहिले. आता खरं पक्कं करायचं तर एकच. सागवान तेवढंच होतं आणि त्यांच्या सुट्ट्याही तेवढ्याच. मी तीन वाट्या मांडल्या आणि चिंचोके घेतले. एकेक गोष्ट बघायची आणि ज्या नमुन्यात ती चांगली त्याच्या वाटीत चिंचोका टाकायचा. एका हाताने चालतं का, तांदळाची कणी किती होते, बिघडलं तर गावात नीट होईल का, लोखंड किती लागतं. आम्ही रोज संध्याकाळी थोडं भात भरडून बघायचो. शेजारणी म्हणायच्या, ह्या घरात काय रोज लग्न आहे का!

मुसळाने कणी फार व्हायची, हे मला कबूल करावं लागलं. साखळीचं यंत्र झकास चालायचं, पण साखळी सारखी उतरायची. तरी त्याची वाटी भरत चालली होती. एकदा मी चुलीशी वळले आणि मागे खट्ट आवाज आला.

"आत्ता काय टाकलंत?"

"दिसायला चांगलं आहे, त्याचा एक."

"दिसण्याला चिंचोका नाही ठरला."

"अगं, तिला आयुष्यात कुणी काही भारी दिलेलं नाही."

"मग साडी घ्या. यंत्राला यंत्राचेच गुण द्या."

त्यांनी चिंचोका परत काढला. मी पाहत नाही असं समजून थोड्या वेळाने पुन्हा टाकला. तेव्हा मी खरंच पाहिलं नाही असं केलं.

दिवाळीनंतर वन्सं हात दाखवायला डॉक्टरांकडे आल्या. डॉक्टरांनी मान हलवली. घरी येऊन त्यांनी चहा घेतला आणि विचारलं, "काय ते खटलं मांडलंय मागं, ते दावा."

मुसळावर त्यांनी दोनदा पाय दिला आणि तोंड वाकडं केलं. "ह्यो आमच्या सासूचा लाथा झाडायचा नमुना." साखळीच्या यंत्रावर मात्र बसल्या आणि पाय फिरवायला लागल्या. साळी झरझर पडायला लागली, खाली तांदूळ आणि फोल. वन्सं हसून लाल झाल्या. "आरं लेकरा, ही बाय चालली बग म्हमईला सायकलीवर!"

यजमानांचा चेहरा मी लग्नातसुद्धा इतका फुललेला पाहिला नव्हता.

खाली उतरून वन्संनी यंत्राभोवती एक फेरी मारली. मग म्हणाल्या, "लय ग्वाड हाय. पर हे न्यायचं कसं?"

"बैलगाडीनं नेऊ की घरापातूर," यजमान म्हणाले. बहिणीशी बोलताना त्यांची भाषा गावाला जायची.

"घरापातूर न्हाई रं. सावडीला."

सावड म्हणजे कामाची अदलाबदल. मी तुझ्या आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, यायचं, तू माझ्या. त्यात मजुरी नाही आणि मेहेरबानीही नाही. आवणीला दोन्ही हात लागतात, एकात रोपांची मूठ धरायची आणि दुसऱ्याने चिखलात रोवायची. वन्संना ते आता जमणार नव्हतं. मग त्यांच्या खाचरात येणाऱ्या बायकांचं त्या काय फेडणार? भरडून फेडणार, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

"त्यांच्या मोठ्या घिरटाला बसून पायलं," त्या म्हणाल्या. "समोरची बाईच समदं ओढती, आन मी नुसता हात लावून बसल्याली. लाज वाटती."

"मग त्याच येतील की भात घेऊन तुज्याकडं. तू घरी बसून भरड," यजमान म्हणाले.

"त्या आल्या म्हंजी ती गिरण झाली. मी गेले म्हंजी सावड. गिरणीवाल्याच्या आवणीला कोन जातं का?"

मी वाट्यांकडे पाहिलं. चार गोष्टी आम्ही मोजल्या होत्या, आणि चारही वन्संच्या उंबऱ्याच्या आतल्या. घिरट घराबाहेर पडेल ही गोष्ट आमच्या दोघांच्याही डोक्यात आली नव्हती. मी तळेगावच्या बाजारपेठेत वाढलेली, मला एक वेळ माफ. पण हे त्याच गावचे. रेल्वेच्या पगारात इतकी वर्षं काढली की सावड विसरून गेले.

तोवर वन्सं तिसऱ्या नमुन्याशी पोचल्या होत्या. त्याच्या वाटीत सर्वांत कमी चिंचोके होते. त्यांनी पाळ उचलून बाजूला ठेवली, तळी पायाने जोखली. "हे दोन खेपांत डोक्यावर जाईल. चढवून द्यायला असतंय कोनीतरी."

"त्याला साळी घालताना थांबावं लागतं, वन्सं," मी म्हटलं. "दिवस जाईल."

"मग थांबू नगं असं करा. येवडी साळा शिकलाय न्हवं दोगं!"

यजमान उकिडवे बसले आणि साखळीच्या यंत्रावरचं चाडं सोडवायला लागले. ते त्यांनी मोठ्या प्रेमाने केलं होतं, आत एक लहानशी फळी सरकवून धार कमीजास्त करता येई. ते चाडं त्यांनी तिसऱ्या घिरटावर धरून पाहिलं. मोठं होत होतं. "कापावं लागेल," ते म्हणाले.

"कापा," मी म्हटलं.

चाडं कापलं, बसणारीला पाय रेटायला लाकडी टेकू दिला, खुंटा डाव्या हाताच्या बेताने बाहेरच्या कडेला घेतला. सायकलीची चक्रं एका कामगाराने नेली. ती देताना यजमानांनी पुसून दिली. पक्कं घिरट सागवानाचं झालं, बुटकं आणि बेढब. वन्सं ते घेऊन गेल्या तेव्हा मी म्हटलं, "जमलं नाही तर कळवा." त्या म्हणाल्या, "कुनाला लिवायला येतंय तितं?"

त्यामुळे थंडीत आणि उन्हाळ्यात काय झालं ते आम्हाला कळलं नाही. आषाढात यजमानांना सुट्टी मिळाली आणि आम्ही कान्ह्याला गाडीतून उतरून चालत निघालो. अर्ध्या वाटेवर ते म्हणाले, "खाचर पडीक दिसलं तर तू काही बोलू नकोस. मीच तिला घेऊन येतो."

गावाच्या वळणावरून खाचर दिसतं. त्यात बायका होत्या, इरल्याखाली वाकलेल्या, पाठीमागे सरकत सरकत आवण लावणाऱ्या. वन्सं बांधावर उभ्या राहून डाव्या हाताने रोपांच्या मुठी फेकत होत्या आणि ज्या बाईपासून मूठ लांब पडे ती त्यांना शिव्या घाले. "आगं येक हात मोडला तर डोळं बी मोडलं का?" वन्संही उलट घालत होत्या.

यजमानांनी चपला काढल्या, धोतर वर खोचलं आणि बांध उतरायला लागले.

"तू कुटं रं?" वन्संनी वरूनच हटकलं. "वर ये. येकेकीच्या घरी भरडून आलीया मी, तवा ह्या आल्यात. तुजी सावड मी कवा फेडू?"

"मी फेडायलाच आलोय," ते म्हणाले.

वन्संनी एक मूठ उचलून त्यांच्याकडे फेकली. यजमानांनी ती झेलली, ओळीत उभे राहिले आणि लावायला लागले. कित्येक वर्षांत चिखलात हात घातला नव्हता. ओळ वाकडी गेली. शेजारची बाई फिदीफिदी हसली, आणि वन्संनी त्यांना ती सगळी उपटून पुन्हा लावायला लावली.