अक्कांच्या टाकीतलं माहेरचं पाणी

अक्कांचा हात कोपरापर्यंत टाकीत होता आणि दोन्ही मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होते. हिरवं शेवाळ केसांच्या गुंतवळासारखं वाढलं होतं. त्यानं पंपाचं तोंड बुजवलं आणि पाणी फिरायचं थांबलं. बघता बघता एक मासा आडवा झाला. मी असोद्याहून बसनं येऊन पाण्याचे कॅन दारात टेकवतच होते.

"उभी काय राह्यली वं सुमन? तांब्या घे अन् पानी वरून ओत! हवा गेली पाह्यजे त्यात."

मी टाकीतलंच पाणी तांब्यानं उचलून वरून ओतत राहिले. अक्का गुंतवळ ओढून बादलीत टाकत होत्या. पंप मोकळा करून त्यांनी बटण दाबलं. तो घरघरला आणि चालू झाला. आडवा मासा बऱ्याच वेळानं सरळ झाला, पण तोंड वरच होतं.

अक्का माझ्या थोरल्या नणंद. असोदा हे गाव त्यांचं माहेर आणि माझं सासर. जळगावात एकट्या राहायच्या. टाकी त्यांच्या जावयाची. तो धुळ्याला होता, बदली लांब झाली, तेव्हा मिठाच्या पाण्याची ही टाकी 'थोडे दिवस' म्हणून सासूकडे ठेवून गेला. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे, काही दगड आणि एक गोगलगाय. नंतर त्यानं ती परत मागितली नाही. अक्कांनी समुद्र एकदाच पाहिला होता आणि "वास येतो" एवढंच त्याच्याबद्दल सांगितलं होतं. पण जावयाची वस्तू त्यांनी जिवापाड जपली. माशांना त्या पाव्हणे म्हणत.

पाव्हण्यांना जेवायला घालायची त्यांची रीत होती तीच माशांना लागू झाली. जावयानं दिवसाला चिमूटभर दाणे सांगितले होते. अक्का मूठ उघडायच्या. "माह्या घरी कोनी अर्धपोटी नाही राहत." उरलेलं खाली कुजायचं आणि शेवाळ पोसायचं. मी एकदा म्हटलं, "अक्का, मला कधी दुसरी पोळी वाढली नाहीत तुम्ही." त्या म्हणाल्या, "तू काय पाव्हनी आहेस? हातानं घे."

दुसरा हट्ट माहेरच्या पाण्याचा. जावयानं बजावलं होतं, नळाचं पाणी थेट घालू नका, त्यात औषध असतं, फिल्टरचं घ्या. अक्कांनी यातलं अर्धंच ऐकलं. "विकतचं पानी कायले? माह्या बापाची विहीर आहे असोद्याले." म्हणून दर आठवड्याला मी केळीच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून बसनं न्यायचे. त्यात त्या समुद्री मीठ कालवायच्या. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी रोज उडून जायचं, त्याची भरही विहिरीच्याच पाण्यानं. लोक शेजारणीला लोणचं दाखवतात, अक्का कॅन दाखवायच्या.

शेवाळ वाढत गेलं तशा त्या दगड दातांच्या ब्रशनं घासायला लागल्या. घासून पाणी बदललं की दोन दिवस टाकी लखलखीत, मग पुन्हा हिरवी. जावई फोनवर म्हणायचा, "आई, पाणी तपासा एकदा. डबी दिली आहे ना मी?" त्यावर अक्कांचं उत्तर ठरलेलं. "माहेरच्या पान्याची परीक्षा? पोरगी पाहाले आले का तुम्ही?"

त्या सकाळी मासे धापा टाकत असताना निम्मं पाणी तातडीनं बदलायचं होतं. मी कॅनचं झाकण काढलं. अक्कांनी हात धरला. कपाटातून जावयाची डबी काढली, काचेच्या नळीत आमच्या कॅनमधलं पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं. खताचा अंश असेल तर पाणी लाल होतं, नसेल तर पिवळं राहतं, एवढं आम्हा दोघींना माहीत होतं. ते कुंकवासारखं लाल झालं.

अक्का नळी उजेडात धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या वडिलांनी ती विहीर खणली तेव्हा लहानग्या अक्कांनी डोक्यावरून माती वाहिली होती. मला वाटलं, आता रडतील. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या,

"विहीर माह्या बापाची. युरिया तुमचा."

"युरिया तुमच्या भावानं टाकला."

"माहा भाऊ लग्नाआधी टाकत नव्हता."

अक्का सासरी गेल्या तेव्हा तो पाटी घेऊन शाळेत जात होता, हे मी सांगितलं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून फिल्टरच्या पाण्याचे जार मागवले. अक्कांनी त्याचीही परीक्षा घेतली. ते पिवळं राहिलं. तेव्हा कुठं मीठ कालवलं. दुपारपर्यंत पाव्हणे खाली दगडांत फिरायला लागले.

त्यानंतर अक्का सुधारल्या. खिडकीला जाड पडदा लावला, टाकीवरचा दिवा थोडाच वेळ ठेवला, दाणे चिमटीत मोजून. विकतच्या पाण्यानं शेवाळ हळूहळू विरलं; दगडांवर राहिलं ते गोगलगायीपुरतं. मला मात्र कॅन आणायचे सोडू दिले नाहीत. ते पाणी त्या स्वतः प्यायच्या. मी म्हटलं, अक्का, ते लाल होतं. "मासे नाजूक असतात," त्या म्हणाल्या. "मी असोद्याची आहे."

पाय चालेनात तेव्हा त्यांचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, त्यांना असोद्याला घेऊन आला. अट एकच होती, पाव्हणे बरोबर येतील. टाकी माझ्या ओसरीवर बसली. आता जळगावाहून फिल्टरच्या पाण्याचे कॅन असोद्याला येतात, आणि विहीर वीस पावलांवर आहे. बसमधल्या बाया हसतात. हसू दे.

खाटेवरून अक्का माझी चिमूट बघायच्या. "जास्त झाले," म्हणायच्या. ज्या बाईनं मुठी उधळल्या तिनं हे म्हणावं! जावयाचा फोन आला, टाकी घेऊन जाऊ का म्हणून. अक्का त्याला म्हणाल्या, "पाव्हने आता घरचे झाले."

अक्का मागच्या थंडीत गेल्या. मासे दोन्ही जिवंत आहेत.