भुवयांनी हो म्हणणारा नावाडी

माझे विल्बर मामा हुलाहुला नदीवर सव्वीस उन्हाळे राफ्ट वल्हवत आले. जन्म उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रकाठच्या काक्तोविक गावचा. वडिलांबरोबर देवमाशाच्या शिकारीला जात. पुढे एका सहल कंपनीसाठी जून महिन्यात लहान विमानाने डोंगरात उतरणाऱ्या पाहुण्यांना दहा दिवसांत समुद्रापर्यंत पोचवू लागले. "किती शांत माणूस," असं प्रत्येक पाहुणा निघताना म्हणायचा. शांत कसले? पत्त्यात हरले की त्यांचा आवाज तिसऱ्या घरापर्यंत जायचा.

त्यांच्या मागची राफ्ट तीन वर्षं मी चालवते. फेअरबँक्स शहरात इंजिनीअरिंग शिकले म्हणून मामा मला इंजिनीअरबाई म्हणतात, विशेषतः माझ्या हातून काही जळलं की.

आमच्या नदीचं पाणी हिमनदीतून येतं, दगडाच्या पिठाने गढूळ. तळ कधीच दिसत नाही. ते पीठ राफ्टच्या रबराला घासत जातं आणि सुपात तांदूळ हलवावेत तसा आवाज येतो. धार जोराची झाली की आवाज वाढतो. मामांनी मला पहिलं तेच शिकवलं, "डोळ्यांना वरचं दिसतं. खालचं कानाला विचार."

या वर्षीच्या सफरीत तिसऱ्या दिवशी पाहिलं, तर मामा वल्ह्याची मूठ जबड्याला टेकवून बसले होते.

"दात दुखतोय का?" मी समोरून विचारलं.

त्यांनी नाक मुरडलं. आमच्यात नाक मुरडलं म्हणजे नाही, भुवया उचलल्या म्हणजे हो. अर्धं गाव असंच बोलतं, त्यामुळे कोण किती बोलतं याचा हिशोब कुणी ठेवत नाही. पण संध्याकाळी मी पाठीमागून तीनदा हाक मारली आणि मामा मासा साफ करत राहिले. तेव्हा जबड्याला टेकवलेल्या वल्ह्याचा अर्थ लागला. हाडातून आवाज आत जातो, हे मी पुस्तकात शिकले होते. पन्नास वर्षं बंदुका, बर्फगाड्या, बोटीची इंजिनं. कान किती टिकणार? त्यांना विचारायची हिंमत मात्र झाली नाही.

सातव्या दिवशी बर्फाचं मैदान आलं. हिवाळ्यात पाणी थरावर थर गोठून नदीच्या पात्रातच दीड माणूस उंच बर्फ उभा राहतो, आणि जूनमध्ये नदी त्यातून वाटा कापते. काही वाटा आरपार जातात, काही बर्फाखाली शिरतात. तिकडे गेलेली राफ्ट बाहेर येत नाही.

राफ्ट बांधून आम्ही काठाने चालत गेलो. समोर दोन धारा होत्या, दोन्ही वळणामागे नाहीशा होणाऱ्या. पुढचा बर्फ भुसभुशीत, त्यावर पाय ठेवायची सोय नव्हती. मामा बराच वेळ उभे राहिले. पाहुण्यांमधल्या ग्रेटाबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका कुजबुजल्या, "नदीशी बोलताहेत."

"डावी," मामा म्हणाले.

डावीकडून रिकाम्या पिंपात पाणी पडावं तसा पोकळ घुमारा येत होता. मी जाऊन त्यांच्या तोंडासमोर उभी राहिले.

"मामा, तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

त्यांनी माझ्या खांद्यावरून पाहुण्यांकडे पाहिलं, मग पाण्याकडे. मग हळूच भुवया उचलल्या.

"कधीपासून?"

"उजवा कान गेला चार वर्षांपूर्वी. आता डावा त्याला सोबत करतोय."

"मामींना माहीत आहे?"

"तिला वाटतं मी मुद्दाम ऐकत नाही. तसंच वाटू दे, बरं असतं ते." मग म्हणाले, "कंपनीला कळलं तर घरी बसवतील, पोरी. नदीशिवाय मी काय करू?"

"डावीकडे पाणी बर्फाखाली जातंय. उजवी मोकळी वाहतेय."

"नक्की?"

"नक्की."

ते वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी चुकलो. उजवी. मला आता नीट ऐकू येत नाही, हिला येतं. पुढची राफ्ट हिची."

ग्रेटाबाईंनी त्यांच्यासमोर येऊन विचारलं, "मग सात दिवस मी नातवंडांच्या गोष्टी सांगितल्या, त्या?"

"चेहऱ्यावरून छान वाटल्या."

बाई हसता हसता डोळे पुसू लागल्या.

मी पुढे निघाले. दोन्ही बाजूंना निळ्या भिंती, मध्ये जेमतेम राफ्टपुरती वाट. मी सारखी मागे बघत होते. मामांनी वल्हं उचलून खूण केली, पुढे बघ. वळण संपलं आणि मोकळं पात्र दिसलं.

समुद्रकाठी पोचल्यावर मामांनी स्वतःच उपग्रह फोन काढून माझ्या हातात दिला. "कंपनीला खरं ते सांग. आणि ते काय म्हणतात ते मला समोर बसून सांग."

मी बोलले. पलीकडच्या माणसाने निर्णय सांगितला. मी मामांसमोर वाळूत बसले आणि एकेक शब्द ओठ नीट हलवत सावकाश उच्चारला, "कान तपासून घ्या. पुढच्या उन्हाळ्यात मागची राफ्ट तुमची."

त्यांना कळलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं.

"परत सांग," ते म्हणाले.

मी परत सांगितलं.