थोडासाच फरक

आमच्या इंद्रपुरी मोहल्ल्यात समोरच्या घरात एक संशोधक राहतात. माणूस, चिंपांझी, लंगूर यांच्या शरीरातलं एकच प्रोटीन घ्यायचं आणि त्याची घडण कुठे कशी बदलत गेली ते कॉम्प्युटरवर बघत बसायचं, हे त्यांचं काम. संध्याकाळी स्कूटर लावली की ते पायरीवरच बसतात, चष्मा कपाळावर चढवून डोळे चोळतात.

"काय, सापडला का फरक?" मी विचारतो.

"थोडासाच आहे हो. तोच शोधता शोधता दमलो."

लंगुराच्या रक्ताचा नमुना मिळत नाही, ही त्यांची कायमची रड. ती ऐकून मीही दमलो होतो.

परवा विजेच्या तारेचा शॉक लागून कोपऱ्यावर एक लंगूर मेला. इथल्या रिवाजाप्रमाणे मोहल्ल्याने त्याला गुलाल लावला, तिरडी बांधली. खांदा द्यायला आमचे संशोधकही आले. मी हळूच म्हणालो, "अहो, घ्या की आता नमुना. पुन्हा कधी मिळणार?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. समोरच्या भिंतीवर लंगुरांची सगळी टोळी गप्प बसली होती.

"आत्ता नको," ते म्हणाले. "घरचे बसलेत."